सिमोन बाइल्सचं करिअर पहिल्यापासून बघायचंय? मग असं बघा

पॅरिस ऑलिम्पिक झाल्यापासून घरात आणि ओळखीत सारखं कोणी ना कोणी विचारतं की अगं ती अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स नेमकी कुठून बघायला सुरू करू, कारण यूट्यूबवर नाव टाकलं की उडी, टाळ्या, मेडल, परत उडी, टाळ्या, मेडल असे तुकडेच येतात आणि दहा मिनिटांनी सगळ्या उड्या सारख्याच वाटायला लागतात. तर हे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि ज्यांच्या मुली नुकत्याच जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जायला लागल्यात त्या आईबाबांसाठी पण. मेडलं मोजत बसू नका. ऑलिम्पिकची 11 आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची 30, झालं, आकडा कळला, आता तो बाजूला ठेवा. स्कोअर वाचायला आणि लँडिंग बघायला शिका, मग ती पोरगी काय करत होती ते एकेक करून उलगडत जातं.

आधी स्कोअर, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. दहापैकी दहा हा जुना प्रकार मोठ्या इंटरनॅशनल स्पर्धांत 2006 मध्ये बंद झाला. आता दोन आकडे असतात, डी आणि ई. डी म्हणजे तुम्ही किती अवघड करताय. प्रत्येक कसरतीला एक अक्षर दिलेलं असतं, ए ला 0.1, बी ला 0.2, असं चढत चढत जातं, बायकांमध्ये त्यातल्या सगळ्यात वरच्या आठ धरतात, शिवाय ठरलेल्या गोष्टी केल्या, अवघड कसरती एकमेकींना जोडून केल्या तर त्याचे वेगळे मिळतात. ई म्हणजे किती सफाईने केलंत, हा 10 पासून सुरू होतो आणि कापत कापत खाली येतो, बारीक चुकीला 0.1, त्याहून मोठीला 0.3, मग 0.5, आणि पडलात तर थेट एक पूर्ण मार्क गेला. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारतात त्या उडीला, सोपं असतं, प्रत्येक उडीचा डी आधीच ठरलेला. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मं काम झालं.

बघायची पद्धत सांगते, मला तरी हीच उपयोगी पडली. प्रत्येक रुटीन तीनदा बघायचं. पहिल्यांदा सरळ, आवाजासकट, काही विचार न करता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाय बघायचे, गुडघे चिकटलेले आहेत का, पंजा ताणलेला आहे का, जमिनीवर आल्यावर पाय हलला का. तिसऱ्यांदा स्पीड 0.25 करायचा आणि मोजायचं, डोक्यावरून पाय किती वेळा गेले ती झाली कोलांटउडी, आणि हवेत असताना तिची छाती आपल्याकडे किती वेळा वळली तो झाला ट्विस्ट. सुरुवातीला चुकतं मोजायला, पण आठवड्याभरात डोळा बसतो. मल्लखांब बघत मोठे झालेल्यांचा तर लवकर बसतो, कारण तोल कुठून सुटला हे त्यांना आधीच दिसतं.

आता सुरुवात कुठून, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, 14 ऑगस्ट 2016, रिओची व्हॉल्ट फायनल. कारण त्यात आपली दीपा कर्माकर आहे. त्या रात्री अकरानंतर किती घरांत टीव्ही चालू होता ते आठवून बघा, आम्ही सगळे फक्त दीपासाठी जागे होतो, बाइल्स कोण हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. दीपाने प्रोदुनोवा केला, टेबलावर हात टेकून पुढच्या दिशेने दोन कोलांटउड्या, त्याचा डी तेव्हा 7.0 होता. बाइल्सच्या दोन उड्यांचा डी 6.3 आणि 6.4. म्हणजे दीपाची ती उडी जास्त अवघड, आणि तरी दीपाला सरासरी 15.066 आणि बाइल्सला 15.966, असं का? इथे ई बघा. दीपा उतरली तेव्हा अगदी खाली, जवळपास बसलीच, प्रोदुनोवाला तिला ई मिळाला 8.266. बाइल्सचा दोन उड्यांचा ई सरासरी 9.6 च्या आसपास येतो. दीपा चौथी आली, ब्राँझ 0.150 ने गेलं, अजूनही ते लँडिंग बघताना पोटात गोळा येतो. पण डी आणि ई मधलं नातं समजायला यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

ते झालं की मागे जा, 2013 ला. बाइल्सचा जन्म 14 मार्च 1997, आणि सीनियर म्हणून खेळायला त्या वर्षात 16 पूर्ण होत असावी लागतात, म्हणजे 2012 च्या लंडनसाठी 1996 संपायच्या आत जन्मलेली मुलगी हवी होती. जेमतेम अडीच महिन्यांनी तिचं लंडन हुकलं. सहा वर्षांची असताना ती डे-केअरच्या सहलीसोबत एका जिममध्ये गेली आणि तिथे मोठ्या मुलींची नक्कल करायला लागली, तिथूनच सगळं सुरू झालं, एमी बूरमन ही कोच तिला तिथेच मिळाली. 2013 च्या मार्चमध्ये अमेरिकन कपला ती दुसरी आली, पहिली अमेरिकेचीच केटलिन ओहाशी. जुलैत एका स्पर्धेत तर सगळंच बिघडलं, बार्सवरून, म्हणजे खालीवर लावलेल्या दोन दांड्यांवरून, पडली, फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, पण गडबड झाली, शेवटी बूरमननी व्हॉल्ट करूच दिला नाही, थांबवलं. मग ती स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टकडे गेली. आणि थोड्याच आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, नॅशनल चॅम्पियन. तिथून पुढे तिने पूर्ण खेळलेली एकही ऑलअराऊंड स्पर्धा ती हरलेली नाही, ऑलअराऊंड म्हणजे व्हॉल्ट, बार्स, बीम (उंचावरची अरुंद पट्टी), फ्लोअर चारही मिळून. त्या वर्षी अँटवर्पची वर्ल्ड ऑलअराऊंड पण तिने जिंकली. फ्लोअरवर शरीर सरळ ठेवून मागे दोन कोलांटउड्या आणि शेवटी अर्धा ट्विस्ट ही कसरत तिच्या नावाने नोंदली गेली ती पण तिथेच, हे नाव मिळायला ती कसरत मोठ्या स्पर्धेत, म्हणजे वर्ल्ड्स किंवा ऑलिम्पिकसारख्या ठिकाणी, करून दाखवावी लागते. आज तिच्या नावावर अशा पाच आहेत, दोन व्हॉल्टवर, दोन फ्लोअरवर, एक बीमवर.

2014 आणि 2015 पटकन बघितलं तरी चालेल, सोनंच सोनं आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, 2015 मध्ये तिने प्रोफेशनल व्हायचं ठरवलं आणि त्यासाठी यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटीकडून कॉलेजमध्ये खेळायची संधी सोडली, कारण तेव्हाच्या नियमांत जाहिरातीचे पैसे घेतले की कॉलेज जिम्नॅस्टिक्स संपलं. 2021 मध्ये तो नियम बदलला, म्हणूनच अमेरिकेचीच सुनीसा ली ऑलिम्पिक जिंकूनही पुढे ऑबर्न युनिव्हर्सिटीकडून खेळू शकली. आणि ओहाशी, जिने बाइल्सला हरवलं होतं, ती यूसीएलएला गेली, 2019 मधलं तिचं परफेक्ट टेनवालं (कॉलेजमध्ये दहापैकी दहा अजून चालतं) फ्लोअर रुटीन तुम्ही नक्की कुठेतरी फॉरवर्डमध्ये बघितलं असणार.

रिओची ऑलअराऊंड फायनल अख्खी बघा, तुकडे नको. बाइल्स 62.198, दुसरी अली रेझमन 60.098. फरक 2.100, म्हणजे बाइल्स दोनदा पडली असती तरी जिंकली असती. एक नियम पण इथे कळतो, फायनलला एका देशाच्या दोघीच जाऊ शकतात. लंडनची विजेती गॅबी डग्लस क्वालिफिकेशनला तिसरी आली होती तरी बाहेर, कारण पुढच्या दोघी अमेरिकनच. मला हा नियम अजिबात पटत नाही, पण आहे. बीम फायनलमध्ये मात्र बाइल्स डगमगली, हाताने बीम पकडला, ब्राँझवर थांबली. बीम किती रुंद असतो माहितीये? 10 सेंटीमीटर. घरात फरशीवर तेवढ्या अंतरावर दोन पट्ट्या चिकटवा आणि त्यांच्या मधून नुसतं चालून बघा.

2018 बघताना जरा थांबून बघा. जानेवारी 2018 मध्ये तिने जाहीर सांगितलं की टीमचा डॉक्टर लॅरी नासरने तिचंही लैंगिक शोषण केलं होतं, आणि जिथे हे झालं त्या टेक्सासमधल्या ट्रेनिंग सेंटरवर परत जायचा विचारही सहन होत नाही. काही दिवसांत ते सेंटर बंद केलं गेलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या नॅशनल्सला ती परत उभी राहिली, हिरवट निळा लिओटार्ड घालून, तो रंग तिने मुद्दाम शोषणातून वाचलेल्या सगळ्यांसाठी निवडला होता, आणि ऑलअराऊंडसकट पाचही सोनं घेऊन गेली. ही स्पर्धा बघताना स्कोअर विसरलात तरी चालेल. 2021 मध्ये तिने अमेरिकन सिनेटसमोर साक्ष दिली, ती पण ऐका, जड जातं पण ऐका. आपल्या मुलींना क्लासला सोडून बाहेर बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

2018 चीच दोहा वर्ल्ड्स स्कोअरच्या अभ्यासासाठी उत्तम. क्वालिफिकेशनच्या आदल्या रात्री किडनी स्टोनमुळे तिला हॉस्पिटलमध्ये जावं लागलं, आणि ती तो तसाच घेऊन खेळली. ऑलअराऊंड फायनलला व्हॉल्टवर पडली, बीमवरून पण पडली, दोन पूर्ण मार्क तिथेच गेले, तरी 57.491, दुसरी माई मुराकामी 55.798. डी एवढा वर असला की पडणंही परवडतं, हे इथे आकड्यात दिसतं.

2019 ला श्टुटगार्ट, पाच सोनं, आणि फ्लोअरवरचा ट्रिपल डबल, दोन कोलांटउड्यांत तीन ट्विस्ट. स्लो करून मोजा, नक्की तीन येतात. त्याला ‘जे’ (J) हे अक्षर मिळालं, म्हणजे पूर्ण 1.0. तिथेच बीमवरून उतरताना, म्हणजे डिसमाउंटला, तिने दोन कोलांटउड्यांत दोन ट्विस्ट केले, त्याला मात्र फक्त ‘एच’ (H), 0.8, बाकीच्यांनी ते करायला जाऊन मान मोडू नये म्हणून मुद्दाम कमी ठेवलं असं फेडरेशनचं म्हणणं होतं. यावर आजही वाद घालणारे भेटतात आणि मी बाइल्सच्या बाजूची आहे, केलेल्या कामाचे मार्क मिळायलाच हवेत.

आता खरी युक्ती. 2019 झालं की 2021 चं टोकियो बघू नका, ते शेवटी ठेवा. थेट 2023 ला या. दोन वर्षांनी परत येऊन अँटवर्पलाच, जिथे दहा वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती, तिने व्हॉल्टवर मागे दोन कोलांटउड्या पाय सरळ ठेवून केल्या. डी 6.4. क्वालिफिकेशनला तिचा कोच लॉरां लँडी मॅटजवळ उभा होता, काही चुकलं तर धरायला, आणि त्यासाठी 0.5 कापले जाणार हे माहीत असून उभा होता. तो व्हिडिओ बघताना कोपऱ्यात त्याच्याकडे बघा.

मग पॅरिस 2024. ऑलअराऊंडमध्ये बार्सवर चूक झाली आणि दोन प्रकारांनंतर ती चक्क तिसरी होती, मग बीम 14.566, फ्लोअर 15.066, एकूण 59.131, दुसरी ब्राझीलची रेबेका अँड्राडे 57.932. आणि फ्लोअर फायनल तर कागद पेन घेऊन बघा. बाइल्सचा डी 6.9, ई 7.833, बेरीज 14.733. पण दोनदा दोन्ही पाय रेषेबाहेर गेले, प्रत्येक वेळी 0.3, म्हणून 14.133. अँड्राडे 14.166. फरक 0.033. एकदा जरी आत राहिली असती तर सोनं होतं. आणि मग पोडियमवर ती आणि तिची टीममेट जॉर्डन चाइल्स गुडघ्यावर बसून अँड्राडेला मानवंदना देतात तो फोटो, त्याच्या मागची बेरीज तुम्हाला आता माहीत आहे.

आता टोकियो. 27 जुलै 2021, टीम फायनल, व्हॉल्ट. तिला अडीच ट्विस्ट करायचे होते. 0.25 स्पीडवर मोजा, दीडच येतात. हवेत असतानाच तिचं डोकं काहीतरी शोधतंय असं दिसतं, आणि उतरल्यावर तिचा चेहरा बघा. 13.766. जिम्नॅस्ट याला ट्विस्टीज म्हणतात, हवेत आपण कुठे आहोत, जमीन कुठे आहे हे शरीराला कळेनासं होतं. एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगात, म्हणजे मानेवरच येणार. ती टीममधून बाहेर झाली, बाकीच्यांना पाणी देत, टाळ्या वाजवत उभी राहिली, टीमला सिल्व्हर मिळालं. ऑलअराऊंड सोडली, व्हॉल्ट, बार्स, फ्लोअर सोडलं. तेव्हा लोकांनी काय काय लिहिलं, घाबरली, पळाली, आपल्याकडेही लिहिलं. पण तुम्ही आता एवढं सगळं बघून आलेला आहात, ट्रिपल डबल मोजलाय, दोन ट्विस्टवालं डिसमाउंट बघितलंय, म्हणून तुम्हाला कळेल की त्या दिवशी उडी न मारणं म्हणजे काय होतं.

3 ऑगस्टची बीम फायनल शेवटी लावा. डिसमाउंटमधले ट्विस्ट तिने काढून टाकले, फक्त मागे दोन कोलांटउड्या, पाय सरळ, ज्यात हवेत कुठेही वळावं लागत नाही. आवाज बंद ठेवा, पाय बघा. उतरते, उभी राहते, आणि चेहऱ्यावर एवढं मोठं हसू येतं. 14.000, ब्राँझ.