पावसाळ्यात बाइकचं वायरिंग: या चुका टाळा

जुलैच्या धो धो पावसात गाडी कुरकुर न करता चालते आणि ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी सेल्फ उचलत नाही. इंडिकेटर दाबला की टेललाइटही लुकलुकायला लागते. अशा वेळी ‘आता तर पाऊसही नाही’ म्हणून आपण वायरिंगवर संशय घेत नाही. पण बाइकवर वरून पडणारं पाणी तिला सहसा नडत नाही, त्याचा विचार करूनच ती बनवलेली असते. नडतो तो कपलरमध्ये (दोन वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्यामध्ये), स्विचमध्ये, टेपखाली अडकून राहिलेला ओलावा. तो महिना-दोन महिने तांब्याला खात बसतो आणि त्याचं बिल दिवाळीच्या सुमाराला येतं. ओलावा अडकायला बहुतेक वेळा आपलेच बंदोबस्त कारणीभूत असतात.

सगळं टेपने गुंडाळून टाकणं

मे महिन्याच्या शेवटी दिसेल त्या कपलरवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत आहे. इंजिनच्या उष्णतेने या टेपचा गोंद पातळ होतो, कड सुटते आणि पाणी आत जातं. जायला वाट मिळते, यायला मिळत नाही. कंपनीने कपलरवर चढवलेली रबरी टोपी खालच्या बाजूने उघडी दिसते, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. आत आलेलं पाणी तिथून गळून जातं. ते तोंड बुजवू नका.

टेपपेक्षाही वाईट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातलं खिडक्या-बेसिनला लावायचं सिलिकॉन. त्यातल्या ज्या प्रकाराला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडतं आणि तांबं गंजतं. म्हणजे पाण्यापासून वाचवायला लावलं आणि आम्लाच्या तोंडी दिलं.

कपलर उघडा, पिना बघा. हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज वाहू न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात मारा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, त्याने काही रबरी सील फुगतात. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या. ओघळ त्या खालच्या टोकावरून टपकतो, कपलरपर्यंत चढत नाही.

फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर आणि ‘जरा जोडून दे’

पावसाळी बिघाडांचा खरा कारखाना हा आहे. मूळ वायरिंगचा हार्नेस, म्हणजे कंपनीने बांधलेला वायरींचा जुडगा, बरीच वर्षं टिकतो. कुणीतरी मधेच वायर सोलून, दुसरी पिळून, वर टेप मारून दिलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात काळा पडायला लागतो. शिवाय पाणी जोडापाशी थांबत नाही. तांब्याच्या बारीक तारांमधून ते इन्सुलेशनच्या आतून वीतभर पुढे सरकतं. म्हणून वायर बाहेरून धडधाकट आणि आतून काळी, असा प्रकार होतो. अशी वायर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापावी लागते. नुसता जोड बदलून काही होत नाही.

जोड द्यायचाच असेल तर सोल्डर किंवा चांगला क्रिम्प (दाबून बसवलेला धातूचा जोड) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी), एवढं मागून घ्या. जास्तीच्या दिव्यांना बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले (दिव्यांचा भार स्विचऐवजी स्वतःवर घेणारा छोटा स्विच) हवा. हॉर्न किंवा हेडलाइटच्या वायरवर दिवे चढवले की तो भार स्विचवर येतो, आणि ओला स्विच आधीच अर्धमेला असतो.

बिघाड शोधताना टेस्टरची सुई वायरमध्ये खुपसण्याची सवयही अशीच. ते भोक बुजत नाही. तपासणी कपलरच्या मागच्या बाजूने होते, वायरला टोचायची गरज नसते. आणि फ्यूज वारंवार उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी २० चा टाकू नका, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच नाही. फ्यूज उडतोय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी वायर बॉडीला चिकटतेय. बहुधा हँडल वळतं तिथे, मानेपाशी. हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघा. फिरवताना न्यूट्रलचा दिवा गेला-आला तर जागा सापडली.

प्रेशर वॉशर आणि मेणकापड

पाऊस वरून पडतो. वॉशिंग सेंटरचा फवारा बाजूने, जवळून आणि जोराने येतो, आणि पावसाला जिथे शिरता येत नाही तिथे शिरतो. हँडलवरचे स्विच, मीटर, इग्निशनचं कुलूप, प्लग आणि सीटखालचा भाग यांवर फवारा नको, बादली आणि फडकं पुरे. ओल्या गाडीवर लगेच कव्हर घालणं ही त्याच्या पुढची चूक. प्लास्टिकच्या कव्हरखाली वाफ कोंडते आणि रात्रभर पिनांवर दव धरतं. आधी गाडी फिरवून आणा. मालवण-रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी तर गाडी उघड्या पडवीत ठेवावी आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.

गाडी झटके देते, म्हणून पेट्रोलला दोष

पावसात मिसिंग (इंजिनचं अडखळणं) सुरू झालं की पंपाला शिव्या देण्याआधी प्लग कॅप बघा. प्लगला हजारो व्होल्टचा दाब लागतो. कॅपला बारीक चीर असेल आणि त्यात ओल असेल तर ठिणगी आत न पडता बाहेरून इंजिनच्या बॉडीवर उडी मारते. अंधारात इंजिन चालू ठेवून दुरून पाण्याचा हलका शिडकावा करा, निळी ठिणगी दिसेल. हात मात्र लांब ठेवा. पुष्कळ इंजिनांत प्लगच्या खळग्याला पाणी निघायला छोटं छिद्र असतं, ते चिखलाने बुजलं की प्लग तळ्यात उभा राहतो. तारेने मोकळं करा. दोन प्लगच्या पल्सरवाल्यांनी जास्त सावध राहावं. एक प्लग गेला तरी गाडी चालत राहते, फक्त ओढ आणि मायलेज कमी होतं, म्हणून लक्षात यायला वेळ लागतो.

बॅटरी बदलली, अर्थिंग पाहिलंच नाही

इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकणं हे बहुधा खराब अर्थिंगचं (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडतो त्या जोडाचं) लक्षण. मल्टिमीटर असेल तर हेडलाइट आणि हॉर्न चालू ठेवून बॅटरीचा मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यामधला दाब मोजा. ०.२ व्होल्टच्या वर आला तर अर्थिंगचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, परत आवळा. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं रेस केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दाखवत असेल तर तिला उगाच बदलू नका.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची जुनी युक्ती इंजेक्शनवाल्या गाड्यांवर कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्याने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. आणि सेल्फच लागत नसेल तर आधी साइड स्टँडचा स्विच धुऊन बघा. चिखलाने तो अडकला की काही गाड्यांना स्टँड लावलेलाच आहे असं वाटत राहतं.

बुडालेली गाडी चालू करून बघणं

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला गाड्या अख्ख्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाडीची चावीसुद्धा फिरवू नका. आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, कारण पाणी गेलेलं इंजिन चालू करायला जाऊन झालेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. मग बॅटरीचा मायनस आधी काढा आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या. तिथे ऑइल, एअर फिल्टर, प्लग यांच्याबरोबर प्रत्येक कपलर उघडून गोड्या पाण्याने धुऊन सुकवायला सांगा. पुराच्या पाण्यातला गाळ पिनांमध्ये बसतो आणि नुसत्या हवेच्या फवाऱ्याने निघत नाही.