रुग्णालयाच्या यादीत सापडलेली पूर्वज

माझ्या यजमानांच्या पणजोबांची धाकटी बहीण इंग्लंडमध्ये परिचारिका होती, एवढेच घरात ठाऊक होते. घरच्यांनी सांगितलेल्या, म्हणजे सासरच्या, आडनावाने ती १९२१ च्या जनगणनेत सापडत नव्हती. १९३१ ची जनगणना तर १९४२ च्या आगीत नष्ट झाली. वाट दाखवली ती दुसरे महायुद्ध सुरू होताच तेथील रहिवाशांची नोंद केलेल्या २९ सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने: ही वही पुढे आरोग्यसेवेच्या कामी वापरात राहिल्यामुळे माहेरचे आडनाव खोडून त्यावर, वेगळ्या शाईत, सासरचे लिहिलेले होते आणि पुढच्या रकान्यात पूर्ण जन्मतारीख होती. १९२१ मध्ये वय वर्षे व महिन्यांत नोंदवत असल्याने ती तारीख महिन्यापर्यंत पडताळता आली, आणि आजीबाई घरच्या पत्त्यावर नव्हे, तर रुग्णालयाच्या यादीत, शिकाऊ परिचारिकांमध्ये भेटल्या. त्या ओळीवर बोट ठेवून सासूबाई कितीतरी वेळ बसून होत्या.