जपानमधल्या क्योतो-नाराच्या देवळांत मुलांना नेण्याआधी

सर्वांत आधी मुलांचे बूट बघा. क्योतोच्या सांजूसांगेन्दो या बौद्ध मंदिरात लांबच लांब लाकडी जमिनीवरून बूट काढून चालायचं असतं, आणि चाळीस मुलं दारात नाड्या सोडत बसली की मागची रांग खोळंबते. म्हणून बिननाडीचे बूट आणि न फाटलेले मोजे हवेत. हिवाळ्यात मोजे जाडच घ्या, पाय गारठतात. आत फोटोला बंदी आहे, हे निघण्याआधीच सांगा. तिथल्या कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या १००१ मूर्तींसोबत २८ रक्षकदेवता आहेत, त्यांत बासरी वाजवणारा गरुड आहे. तो शोधायला सांगितला की मुलं पळत सुटत नाहीत, एकेक मूर्ती निरखत पुढे सरकतात.

देवळात शिरताना कुंडाशी हात धुण्याची रीत शाळेच्या नळावरच घोटून घ्या. उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवायचा, मग हात बदलून उजवा. पुन्हा पळी उजव्या हातात, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, परत डावा हात. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो स्वच्छ होतो. हे सगळं एका पळीभर पाण्यात बसवायचं. मुलं हमखास पळीच ओठाला लावतात किंवा चूळ कुंडात टाकतात, तेवढं बजावून सांगा.

तोरी कमान दिसली की बहुतेक ते शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. सकाळी क्योतोचं फुशिमी इनारी हे शिंतो देवस्थान करून आलेली मुलं दुपारी बुद्धापुढेही टाळ्या वाजवतात, म्हणून प्रत्येक दाराशी आठवण द्या.

फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही. सकाळी सातच्या आत पोहोचा, नंतर पायवाटेवर गटाला उभं राहायलाही जागा उरत नाही. क्योतो स्थानकावरून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गावर इनारी हे दुसरं स्टेशन. जलद गाडी तिथे थांबत नाही, लोकलच पकडा. सिटी बसमध्ये मोठा गट मावत नाही, तुटतो.

नारात हरणं हातातला नकाशा ओढून खातात, कागद पिशवीत ठेवा.

शाकाहारी मुलांचं जेवण आधी ठरवा. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा यांत बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, वरून कळत नाही. मंदिरांतलं भिक्षूंचं शाकाहारी जेवण, म्हणजे शोजिन र्‍योरी चालतं, पण बहुतेक ठिकाणी आगाऊ नोंदवावं लागतं. त्यात कंदमुळं असतात, तेव्हा जैन मुलांसाठी वेगळं सांगा.