आईची औषधं, शेरूचं इंजेक्शन आणि महिन्याचा हिशोब: तिन्ही एका घरात कसं जमवायचं

घरात सत्तरीपुढची आई किंवा वडील, एक कुत्रं नाहीतर मांजर आणि दीड पगारावर चालणारा संसार, नाशिकमध्ये आता अशी घरं खूप झालीत, सिडकोत बघा, इंदिरानगरला बघा, नाशिकरोडला तर नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्यांच्या गल्ल्याच आहेत. आमच्याकडेही तेच, आई आणि आमचं कुत्रं शेरू. पैसा कमी पडतो हे आहेच, पण खरी दमछाक होते ती आईची तपासणी, शेरूचं इंजेक्शन, विम्याचा हप्ता आणि सिलेंडर सगळं एकाच आठवड्यात येऊन पडतं तेव्हा. म्हणून पैसे वेगळे ठेवायचे आणि तारखा एकाच यादीत मांडून वर्षभर वाटून घ्यायच्या. मी पुढे जे काही सांगतेय ते याच्यावरच उभं आहे.

आधी पैसे वेगळे करा

आईची पेन्शन ज्या खात्यात येते त्या खात्यातून फक्त आईचाच खर्च करायचा, औषधं, डॉक्टर, डायपर, तिला सांभाळायला येणाऱ्या मावशीचा पगार, तिने नातवाला दिलेले पैसेसुद्धा. त्यातून किराणा भरायचा नाही, आणि घरच्या पगारातून तिच्या गोळ्या आणल्या तर तेवढे लगेच इकडून तिकडे ट्रान्सफर करायचे. हे परकेपणाचं वाटतं ना, पण उलट आहे. आईला स्वतःच्या पैशात आपलं भागतंय हे दिसतं, ती "मी तुमच्यावर भार" म्हणायची थांबते. आणि उद्या दादा किंवा ताईने विचारलं की पैसे कुठे गेले तर पासबुक पुढे ठेवता येतं, भावंडांत यावरून किती घरं फुटलेली बघतो आपण. औषधांचं पेमेंट शक्यतो यूपीआय किंवा कार्डनेच करा, कारण आईचा हेल्थ इन्शुरन्स नसेल आणि ज्याच्या खात्यातून खर्च होतो तो जुन्या टॅक्स पद्धतीत असेल तर तिच्या औषधोपचारावरचा वर्षाला ५० हजारांपर्यंतचा खर्च आपण ज्याला ८०डी म्हणत आलो त्या टॅक्स सवलतीत दाखवता येतो, पण रोखीने केलेला चालत नाही.

शेरूसाठी वेगळी आरडी काढा, छोटी चालेल, महिन्याला पाचशे-हजार जे जमेल ते. कुत्र्याचा खर्च रोजच्या खाण्यात दिसतो तेवढाच नसतो. दरवर्षी रेबीजचं आणि बाकीचं एकत्र इंजेक्शन, साधारण तीन महिन्यांनी जंताचं औषध, पावसाळ्यात गोचिडाचं औषध. हे शेवटचं तर अजिबात टाळू नका, गोचिडाच्या तापाने कुत्रं खाणं सोडतं, प्लेटलेट्स खाली जातात आणि मग रक्त तपासण्या, सलाइन यात जे पैसे जातात त्यात वर्षभराचं औषध आलं असतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस स्वस्तात होते, तिथे जायला लाजायचं काही कारण नाही. मनपाचं कुत्रं पाळायचं लायसन्सही काढून ठेवा.

आता आईच्या हातात रिटायरमेंटची किंवा घर विकल्याची एकरकमी रक्कम असेल तर पोस्टाची सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम आधी बघा, मग बाकीचं. ६० वर्षांपुढच्या माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, २०२५ मध्ये व्याजदर ८.२ टक्के होता आणि खातं उघडताना जो दर असतो तो पाचही वर्षं तोच राहतो. १५ लाख ठेवले तर ८.२ ने वर्षाला १ लाख २३ हजार, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५०. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला येतं, आणि मला या स्कीममध्ये हेच सगळ्यात कामाचं वाटतं, कारण मोठे खर्च या चार तारखांना टांगता येतात. एप्रिलमध्ये घरपट्टी, मनपा सुरुवातीला भरणाऱ्याला सवलत देते. जुलैमध्ये आईच्या सगळ्या रक्त तपासण्या. ऑक्टोबरमध्ये विमा. जानेवारीत डोळे, दात, चष्मा. शेरूचं वार्षिक इंजेक्शनही डॉक्टरांना विचारून यातल्याच एका महिन्यात बसवा.

ज्येष्ठांच्या व्याजावर १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच टॅक्स, कापतात, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून आहे, आधी ५० हजार होती. वरच्या उदाहरणात ती ओलांडली जाते. आईला एकूण टॅक्स लागतच नसेल तर टॅक्स कापू नका असं सांगणारा, आपण ज्याला १५एच म्हणत आलो तो फॉर्म एप्रिलमध्येच देऊन टाका, नाहीतर कापलेले पैसे परत मिळवायला रिटर्न भरत बसावं लागतं.

बँकेची कामं आई ठणठणीत असतानाच

हे पुढे ढकलू नका. आईच्या खात्याला तुमचं नाव जोडून ते "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं. नॉमिनी आहे का ते पासबुकवर बघा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, त्यामुळे एकाहून जास्त भावंडांची नावं टाकता येतात. बरेच जण म्हणतात पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवलीय, काळजी नाही. पण आईला पुढे डिमेन्शिया झाला, व्यवहार समजेनासे झाले, तर आपल्याकडे ती पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी चालत नाही, तेव्हा नुसत्या तिच्यावर राहू नका. सही थरथरायला लागली असेल तर मात्र घाबरायचं नाही, बँक अंगठा घेते, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो. ७० च्या पुढच्यांना बँकेची कामं घरपोच मिळावीत असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, शाखेत जाऊन शांतपणे पण ठामपणे विचारा.

सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला, ८० च्या पुढच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही सगळ्याच आयांची तक्रार, आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेलेल्या असतात, अशा वेळी मोबाईलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, होतं, किंवा पोस्टमनला घरी बोलवा. केंद्राची फॅमिली पेन्शन असेल आणि आईला ८० पूर्ण झाली असतील तर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळायला हवेत. ते सुरू झालेत का ते स्लिपवर तपासा.

आणि फोन. "आज रात्री लाईट कट होणार", "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय", असे फोन दुपारी येतात, आपण कामावर असताना. आईला एकच वाक्य पाठ करून द्या, "माझा मुलगा बघतो, त्याला विचारा", आणि फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आईच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवले की मोठं नुकसान टळतं.

विमा आणि कार्डं

७० पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. उत्पन्नाची अट नाही, आधारवर होतं, कुटुंबातल्या ७० पुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. फक्त कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते आत्ताच बघून, घराजवळची दोन नावं फ्रिजवर चिकटवून ठेवा. रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आहे. आणि ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्यायचा नियम महाराष्ट्रात आहे, तिथे समाजसेवा अधीक्षक म्हणून माणूस बसतो, त्याला भेटायचं. खासगी पॉलिसी घ्यायची तर २०२४ पासून वयाची वरची अट काढून टाकलीय आणि आधीच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, पण प्रीमियम जबर असतो. माझं मत विचाराल तर प्रीमियमसाठी ओढाताण होत असेल तर वय वंदना कार्ड घ्या आणि प्रीमियमचे पैसे दर महिन्याला एफडीत टाका.

आई आणि शेरू एका घरात

शेरू आल्यापासून आई बोलायला लागली, दुपारची झोप सोडून त्याच्याशी गप्पा मारते, तेव्हा "म्हातारं माणूस आहे तर कुत्रं देऊन टाका" हा सल्ला मला पटत नाही. फक्त घर तसं लावून घ्यावं लागतं.

पहिली भीती पडायची. रात्री बाथरूमला उठताना कुत्रं पायात येतं आणि खुब्याचं हाड मोडतं, मग ऑपरेशन आणि महिनोन् महिने अंथरूण. शेरूच्या पट्ट्याला घुंगरू बांधा, त्याची गादी आईच्या पलंग ते बाथरूम या वाटेवर ठेवू नका, त्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा जळत ठेवा, वाटेतली पायपुसणी आणि सतरंज्या उचला, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. कुत्र्याला फिरवायला आईच्या हातात साखळी द्यायची नाही. मांजर दिसलं की तो हिसका देतोच.

दुसरी गोळ्या. आईच्या हातून गोळी निसटते, कॉटखाली जाते आणि ती कुत्र्याला सापडते. बीपीच्या, साखरेच्या, दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यामांजरांच्या जिवावर येतात, मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही पुरते. आमच्याकडे आईला गोळ्या स्टीलच्या ताटात काढून देतो, डबीतून थेट हातावर नाही, ताटात पडली की खण्‌ आवाज येतो, मोजता येतात, आणि ताट रिकामं झालं की कळतं.

तिसरी आपल्या नाशिकचीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक घरी द्राक्षांची पेटी येते, पिंपळगावहून कोणी आणतं, दिंडोरीहून कोणी पाठवतं, आणि आजी प्रेमाने एक घड स्वतः खाते आणि चार मणी खाली टाकते. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत. सगळ्या कुत्र्यांना सारखा त्रास होत नाही, पण किती खाल्ल्याने होईल याचा भरवसा नाही, काही तासांत उलट्या सुरू होतात आणि एक-तीन दिवसांत किडन्या निकामी होऊ शकतात, म्हणून खाल्ली असं दिसलं की उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे. कांदाही तसाच, कच्चा असो की भाजीतला, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा मिसळीचा रस्सा आणि कांद्याची भाजी पोळीला लावून कुत्र्याला घालायची नाही. आईला "देऊ नको" म्हटलं तर राग येतो, "आम्ही पूर्वी घालायचो, काही झालं नाही" म्हणते. तिला त्याऐवजी द्यायला काहीतरी द्या, उकडलेल्या गाजराचे तुकडे, साधी भाकरी, तिच्या हाताजवळ वाटीत. आईला डायबेटिस असेल तर द्राक्षांची पेटी तिच्यापासूनही जरा लांबच.

खेळता खेळता दात किंवा नख लागलं, रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सिव्हिल किंवा बिटको हॉस्पिटलला दाखवा, शेरूला लस दिलेली असली तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं तर

पैसा, आई आणि कुत्रं तिन्ही एकमेकांत अडकतात ते या दिवशी. आईला घेऊन तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आणि घरात कुत्रं कोंडलेलं, कोणाला कधी घरी जाता येईल माहीत नाही. म्हणून एक पिशवी तयार ठेवा, तिच्यात आधार, कार्डांच्या झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी, शेवटचे रिपोर्ट, चार्जर, एक साडी किंवा गाऊन आणि डिपॉझिटसाठी थोडी रोकड. विमा असेल तर टीपीएला, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या संस्थेला, लगेच फोन, कॅशलेसला तासाभरात उत्तर आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत मंजुरी द्यायची हा विमा कंपन्यांना नियम आहे, उशीर झाला तर तो नियम बोलून दाखवा.

शेरूसाठी दुसरी पिशवी, दोन दिवसांचं खाणं, साखळी, लसीचं पुस्तक, डॉक्टरांचा नंबर. आणि चावी शेजारी. पण चावी देऊन भागत नाही, त्या माणसाला कुत्र्याने ओळखलं पाहिजे, म्हणून समोरच्या काकूंच्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी शेरूला फिरवायला सांगा, त्याचे थोडे पैसेही द्या, आरडीतून नाही, घरखर्चातून.

घरी परतल्यावर फाउलर बेड (डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग), व्हीलचेअर, कमोड खुर्ची विकत घेऊ नका, डिपॉझिटवर रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था शहरात आहेत, ते बघा. नर्सिंग ब्युरोकडून मावशी लावली तर बारा तासांचा रेट, सुट्टीच्या दिवशी बदली कोण आणि घरात कुत्रं आहे हे तिन्ही पहिल्याच फोनवर बोलून घ्या, कुत्र्याला घाबरणारी मावशी दुसऱ्या दिवशी येत नाही. आधार बघायचं, ब्युरोची पावती घ्यायची. काहीच मार्ग सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि २०२७ चा कुंभमेळा येतोय. पंचवटी, रामकुंडाकडची घरं असतील त्यांनी शाहीस्नानांच्या आसपास रस्ते बंद असणार हे धरून आईच्या महिनाभराच्या गोळ्या, इन्सुलिन आणि शेरूचं खाणं आधीच भरून ठेवा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट त्या तारखा सोडून घ्या आणि इन्सुलिन फ्रीझरमध्ये नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.