स्कीइंगला बोटीचं इंजिन किती एचपीचं घ्यावं? आधी माणूस पाण्यातून उठतो का ते बघा

आपल्या खान्देशात एचपी म्हणजे काय हे कोणाला शिकवायची गरज नाही, विहिरीवर पाचची मोटर पुरते का साडेसातचीच लागते यावर टपरीवर अर्धा अर्धा तास वाद चालतो. पण तोच माणूस बोट बघायला गेला की एकच प्रश्न विचारतो, "स्पीड किती जाते भो?" आणि तिथंच फसतो. आम्ही पण तसेच फसलो म्हणून हे लिहितोय.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून वॉटर स्कीइंगसाठी, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पायातल्या फळ्यांवर पाण्यावरून घसरायला, १६ फुटी फायबरची बोट घेतली, जुनीच, मागे ६० एचपीचा फोर स्ट्रोक आउटबोर्ड. विकणारा म्हणाला पन्नासच्या वर पळते, आणि ती पळायचीही, खोटं नव्हतं. पहिल्या रविवारी तापीच्या फुगवट्यावर गेलो, परवानगी काढून, डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत, सगळी जत्राच. जिजाजींना स्की घालून पाण्यात सोडलं. जिजाजी ९२ किलो. थ्रॉटल पूर्ण दाबला, इंजिन बोंबललं, बोटीचं नाक आभाळाकडे गेलं, आणि जिजाजी नुसते पाण्यातून फरफटत आले, छातीपर्यंत पाणी, तोंडावर फवारा, दहा-बारा सेकंद दोरी धरून ठेवली आणि मग सोडली. "अजून एकदा बघू रे भो." असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा म्हणाले हात खांद्यातून निघतील आता, मी भरीत खायला जातो.

म्हणजे बघा, बोट पन्नासने पळत होती आणि दोन स्कीवर मोठ्या माणसाला लागतो फक्त ३५ ते ४५ किमीचा वेग. लहान पोरांना तर २०-२८ लई झाला. एका स्कीवर सरावलेला असेल तर ५० च्या आसपास, आणि स्पर्धेतल्या स्लॅलमला, म्हणजे एका स्कीवर खुणांना वळसे घालत जायच्या प्रकाराला, पुरुषांची कमाल ५८. वेग कुठंच कमी नव्हता. कमी होती ती उचल. माणूस पाण्यात अर्धा बुडून बसलेला असतो, त्याचा ओढ तेव्हा सगळ्यात जास्त असतो, आणि त्याच वेळी बोट स्वतः पण पाण्यात रुतलेली असते, तिलाही वर येऊन पृष्ठभागावर घसरायला लागायचंय, त्याला प्लेनिंग म्हणतात. ही दोन्ही कामं इंजिनाला पहिल्या चार-पाच सेकंदात करायची असतात. केळीची भरलेली ट्रॉली चढावर मध्येच थांबली आणि परत उचलायचीय, तसं आहे हे. एकदा उठला की मग निम्म्या थ्रॉटलवर पण माणूस मजेत फिरतो.

तर हिशोब वेगाचा नाही, वजनाचा करा. सगळं वजन किलोत मांडा आणि एचपीने भागा. आमच्या बोटीचा सांगतो. रिकामी बोट ४००, इंजिन ११०, पेट्रोल बॅटरी नांगर वगैरे ७०, चालवणारा आणि मागे बघणारा मिळून १५०, झाले ७३०. त्यात जिजाजी ९२ धरले तर ८२२. भागिले ६०, म्हणजे एका एचपीवर पावणेचौदा किलोच्या आसपास. हे काठावरचं आहे. पण आम्ही त्या दिवशी तिघं जण जास्तीचे बसलो होतो, व्हिडिओ काढायला, म्हणजे अजून २२० किलो, आता १०४२ भागिले ६०, सतराच्या वर. ढोबळ अंदाज असा की एका एचपीमागे ११-१२ किलो आलं तर निवांत, १५ पर्यंत हलक्या माणसाला दोन स्कीवर चालून जातं, आणि १८ च्या पुढे गेलं की स्की सोडा, बोटच प्लेनिंगवर यायला रडते.

यावरून साधारण असं पडतं: १४-१५ फुटी हलकी अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर ४०-५० एचपीवर एक बारीक माणूस दोन स्कीवर उठतो, बोटीत दोघंच हवेत. १६-१७ फुटीला ७५ ते ९०. घरचे सगळे बसवून वर स्की पण ओढायची असेल आणि बोट १८ फुटाची असेल तर ११५ ते १५० च्या खाली बघूच नका. एका स्कीवर खोल पाण्यातून उठायचं असेल तर अजून वरचं धरा, कारण एका स्कीला पाण्यावर टेकायला जागा कमी, माणूस उशिरा वर येतो. स्पर्धेच्या बोटींत इंजिन पोटात असतं, तीनशे एचपी आणि त्याहून वर, पण ते आपल्या खिशाचं काम नाही.

आणि मोठं घ्या म्हणून वाट्टेल ते पण लावू नका. बोटीवर बनवणाऱ्याची पाटी असते, जास्तीत जास्त किती एचपी आणि किती वजन ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्या वरचं इंजिन मागच्या फळीवर टांगलं तर फळीला तडा जाऊ शकतो, आणि वेगात वळताना बोट उलटायची भीती वेगळीच. जुन्या बोटीला पाटीच नसेल तर मी तर घेणार नाही.

आपल्याकडच्या उन्हाचा पण थोडा हिशोब आहे. इंजिनाचं एचपी २५ डिग्रीची हवा धरून मोजलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४३-४४ झालं की हवा विरळ होते आणि साधारण ३ टक्के ताकद जाते. ऐकायला काहीच नाही, पण काठावरच्या इंजिनाला तेवढंच पुरतं. तसंही दुपारी कोण जातंय, सकाळी सात ते नऊ, वारा पडलेला, पाणी काचेसारखं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी आम्हाला सहा महिन्यांनी कळली. इंजिन बदलायच्या आधी पंखा बघा, म्हणजे इंजिनाचा पाण्यात फिरणारा प्रोपेलर. पंख्यावर १३ गुणिले १५ असं काहीतरी कोरलेलं असतं, पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एखाद्या घट्ट वस्तूत स्क्रूसारखा फिरवला तर पंखा एका फेरीत किती पुढे सरकला असता ते. जास्त पिच म्हणजे बाईकचा टॉप गिअर, कमी पिच म्हणजे पहिला-दुसरा. आमचा जुना मालक स्पीडचा शौकीन, त्याने १५ चा लावला होता. पूर्ण थ्रॉटलला, माणसं बसलेली असताना, आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्या होतात त्याचा, काटा ४९०० वर अडकायचा, आणि इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं ५००० ते ६०००. म्हणजे इंजिन टॉप गिअरमध्ये चढ चढत होतं. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आम्ही १३ चा टाकला, काटा ५२५० ला गेला. टॉप स्पीड तीन-चार किमीने उतरला, ज्याचं आम्हाला काही घेणंदेणं नव्हतं.

उलट्या बाजूने पण सांभाळा, पिच फार कमी केला तर इंजिन हलक्या बोटीत लाल रेषेच्या पुढे पळेल. स्की नसताना पूर्ण थ्रॉटल देऊन काटा वरच्या मर्यादेच्या आत राहतोय ना, ते एकदा तपासा.

पंखा स्टीलचा घ्या असं सगळे सांगतात, आणि पकड चांगली असते हे खरंय. पण आपल्या धरणांत उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेले खुंट, जुन्या विहिरींचे काठ, खडक सगळं वर येतं. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा लागला तर तो वाकतो, बदलून टाकता येतो, स्टीलचा पंखा वाकत नाही आणि मार सरळ आतल्या गिअरवर जातो. मी अ‍ॅल्युमिनियमचाच वापरतो आणि एक जास्तीचा डिकीत ठेवतो. हतनूर धरणावर तर जायचं नाव नका काढू, गाळ आहे आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात. वाघूर धरणाचं पाणी जळगावकर पितात. जिथं जाल तिथली लेखी परवानगी आधी, काठावरच्या भोई लोकांना जाळी कुठं टाकलीत ते विचारा, आणि जॅकेटशिवाय कोणी पाण्यात नाही.

बोट घेताना पैसे द्यायच्या आधी ट्रायल मागा. विकणारा एकटा बसून जोरात फिरवून दाखवेल, त्याला भुलू नका. तुमच्यातला सगळ्यात जाड माणूस दोरीला, टाकी निम्मी भरलेली, बोटीत दोघं, इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा वर-खाली कल, पूर्ण खाली. दोरी ताणली जाईपर्यंत हळू, मग एका दमात थ्रॉटल. माणूस पाच सेकंदाच्या आत उभा राहिला तर भाव करा. दहा लागले तर आधी पंख्यावरचा आकडा आणि पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम बघा, काटा पुस्तकाच्या खाली असेल तर काही हजारात काम होईल. काटा बरोबर असून माणूस उठत नसेल तर इंजिनच छोटं आहे, राम राम करून निघा.

जिजाजी नवीन पंख्यावर दुसऱ्याच खेपेला उठले. चाळीसेक सेकंद टिकले असतील, मग हात वर करून आम्हाला दाखवायला गेले आणि दोरी सुटली.