सागवानी कपाटाच्या पांढऱ्या रंगातून येणारे तपकिरी डाग कसे थांबले

आजीच्या कपाटावर पांढरा चॉक पेंट (पाण्यात मिसळणारा, खडूसारखा मॅट रंग) देऊन स्टेन्सिलची नक्षी काढायची होती. रंग वाळला की पिवळट-तपकिरी डाग वर. तिसरा हात दिला, पाण्याचा प्रायमर लावला, डाग परत. अगदी रडकुंडीला आले होते. लाकडातलं द्रव्यच पाण्यात विरघळून रंगात उतरत होतं.

जमलं ते असं. मेण काढलेली चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या; ही पाण्यात विरघळत नाही, म्हणून डाग अडवते) १२५ ग्रॅम, अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये (मिथिलेटेड स्पिरिट) रात्रभर भिजवून गाळली. डागाळलेला रंग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुसला. लाखेचे दोन पातळ हात, मध्ये दोन तास. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरने हलकं घासलं, मग रंग. स्पिरिट पेटतं, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवाच.

पावसाळा उलटला, नक्षी स्वच्छ आहे.