गच्चीवरचा चाळीस मीटर डायपोल

हौशी रेडिओचा परवाना हातात आला की बहुतेकांचे सारे लक्ष संचाकडे जाते आणि अँटेना उरलेल्या पैशांत उरकली जाते. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ या चाळीस मीटर बँडवर महाराष्ट्रभर बोलण्यासाठी तांब्याची साधी तार पुरते, मात्र ती नीट मापून टांगायला हवी. प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक आहे, हे येथे गृहीत धरले आहे.

अर्धतरंग डायपोल म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची, मध्ये तोडून तिथे केबल जोडलेली तार. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागावे. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटरहून थोडी अधिक. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर चालते. परंतु तिच्या प्लॅस्टिकच्या आवरणामुळे आणि आसपासच्या भिंतींमुळे हिशेब थोडा चुकतोच, म्हणून प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापावी. तार पुढे कमी करता येते, वाढवायची म्हटली की जोड आला.

मधला बिंदू बांबूवर किंवा पीव्हीसी पाइपवर उंच बांधून दोन्ही टोके उताराने खाली आणावीत. शिरोभागी तारांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. टोकांना पीव्हीसीचे तुकडे लावून पुढे नायलॉनची दोरी बांधावी. प्रक्षेपणाच्या वेळी सर्वाधिक व्होल्टेज टोकांनाच असते, त्यामुळे ती कोणाच्याही हाताला लागणार नाहीत इतकी उंच असावीत. विजेच्या तारा जवळ असतील तर जागाच बदलावी. यात तडजोड नाही.

मध्यभागी ५० ओहमची कोॲक्स केबल (मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेली) जोडून तिचेच वीसेक सेंटिमीटर व्यासाचे दहा वेढे तिथेच बांधावेत, म्हणजे केबलच्या बाहेरील जाळीवरून परत येणारा प्रवाह बराचसा अडतो. जोडावर पाणी शिरणार नाही याची खात्री करावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात केबल आतून काळी पडते.

आता एसडब्ल्यूआर मीटर लावून, कमी शक्तीवर, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप; १ म्हणजे सर्वोत्तम) कोणत्या वारंवारतेला सर्वांत कमी येतो ते पाहावे. समजा तो ६.९ मेगाहर्ट्‌झला आला, तर १०.४ ला ६.९ ने गुणून ७.१ ने भागावे. उत्तर १०.११ येते, म्हणजे दोन्ही बाजू प्रत्येकी २९ सेंटिमीटर कमी करायच्या. लगेच कापण्यापेक्षा तेवढी तार मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळावी आणि पुन्हा मोजावे. एसडब्ल्यूआर १.५ च्या खाली आल्यावर पुढे झटत बसू नये, कारण १.१ साठी घालवलेल्या दुपारीचा फरक पलीकडच्या माणसाला ऐकू येत नाही.

उंची पुरेशी नाही, ही नवख्यांची नेहमीची खंत. चाळीस मीटरवर पाव तरंग म्हणजे सुमारे १०.५ मीटर. त्याहून कमी उंचीचा डायपोल बरीचशी ऊर्जा जवळजवळ सरळ वर पाठवतो. ती आयनावरणाच्या (वातावरणाचा उंचावरील विद्युतभारित भाग) एफ थरावरून परतून सर्व बाजूंना काही शे किलोमीटरपर्यंत उतरते, त्यामुळे पुण्याहून नाशिक किंवा कोल्हापूर गाठताना मधला सह्याद्री आड येत नाही. दूरदेशी बोलायचे असेल तर मात्र ही उंची खरोखरच तोकडी आहे.

दिवसा साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील, आयनावरणाचाच डी थर या लहरी शोषतो, म्हणून दूरचे संकेत क्षीण होतात आणि जवळचे टिकतात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो व दूरची केंद्रे उमटू लागतात. रात्र चढते तसे एफ थराचे आयनीभवन घटते. मग सरळ वर गेलेली लहर परतत नाही आणि दुपारी स्पष्ट ऐकू येणारा कोल्हापूरचा मित्र नाहीसा होतो. अशा वेळी संचात बिघाड शोधू नये.

वळवाच्या दिवसांत, आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी.

दूरच्या प्रसाराचा अंदाज घ्यायचा असल्यास संच मोर्सवर लावून १४.१०० मेगाहर्ट्‌झ ऐकावे. ऐकण्यापुरता हाच डायपोल चालतो. तिथे जगभरातील १८ बीकन केंद्रांची (ठरावीक संकेत आपोआप पाठवणारी केंद्रे) साखळी दहा-दहा सेकंदांच्या पाळीने वाजते. प्रत्येक केंद्र आपले नाव सांगून चार लांब ठोके देते: पहिला १०० वॅटचा, मग १०, १ आणि शेवटचा ०.१ वॅटचा. किती ठोके ऐकू आले ते तारीख-वेळेसह वहीत लिहावे. श्रीलंकेच्या ४एस७बी या केंद्रापासून सुरुवात सोपी जाते.